दळणाचा हिशेब: घरघंटीचे अकरा महिने

धाकट्या नातीला गहू चालत नाही, म्हणून ही चक्की आमच्या घरात आली. तिला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं ग्लुटेन चिमूटभर जरी पोटात गेलं तरी चार दिवस पोरगी अंथरुणावर. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गहू आणि बार्ली घरात वेगळी ठेवा, आणि ज्वारी-नाचणीचं दळण ज्या गिरणीत गहू दळतात तिथं नको. बेळगावात आमच्या वडगावातल्या गल्लीत गिरणी आहे. गिरणीवाले अण्णा भला माणूस. सकाळी गिरणी उघडली की पहिलं दळण आमचं घालायचे, त्याआधी किलोभर तांदूळ दळून दगड साफ करायचे. पण टाकी लावलेल्या दगडाच्या खाचांत कालचा गहू राहतोच. दोनदा त्रास झाला, तेव्हा ठरवलं, आता घरातच दळायचं. या चक्कीत आजपर्यंत गव्हाचा एक दाणा पडलेला नाही.

मी हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. ऊर्जेचा धडा दरवर्षी घेतला. त्यामुळे दुकानदाराचं बोलणं ऐकताना कान आपोआप टवकारले. शहरातल्या एका दुकानातून साडेसोळा हजारांना घेतली. एक एचपीची मोटर, खाली पिठाचा स्टीलचा डबा, सहा जाळ्या, साफ करायला ब्रश. कंपनीचं नाव देत नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक घरघंट्या आतून अशाच असतात आणि माझं म्हणणं सगळ्यांनाच लागू पडेल. दुकानदारानं दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या. "बाई, वीज लागतच नाही म्हणा की." आणि, "पीठ थंड पडतंय, गिरणीसारखं भाजत नाही." यातली पहिली बरीचशी खरी निघाली, दुसरी खोटी.

आधी पिठाबद्दल, कारण वाचणाऱ्याला तेच हवं असतं. ज्वारी आम्ही मालदांडी घेतो, पूर्वेकडच्या काळ्या रानातली. ती बारीक जाळीनं उत्तम दळते. भाकरीचा खरा कस पिठाच्या विरीत, म्हणजे चिकटून राहण्यात, असतो. पीठ पंधरा-वीस दिवसांचं झालं की विरी जाते, आधणाचं पाणी घालून मळलं तरी थापताना कडा फाटतात. आता दर तिसऱ्या दिवशी किलो-दीड किलो दळते. भाकरी पातळ थापली जाते, तव्यावर टम्म फुगते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या चक्कीला पैकीच्या पैकी देईन. नाचणीही छान होते, मात्र ती धुऊन घेतली असेल तर कडकडीत वाळायला हवी. तांदळाचं पीठ भाकरीला चालतं, घावनाला मला थोडं जाडसर वाटतं. माझं माहेर येळ्ळूर, तिथला बासमती सुवासाचा. त्याची कणी या चक्कीत दळली तर वास अर्धा उडतो. ती कणी मी मिक्सरवर थोडी थोडी करते. हरभऱ्याची डाळ दळताना आवाज असा येतो की शेजारच्या मागाचा खडखडाट बरा. सोयाबीन, शेंगदाणे, तीळ अजिबात घालू नका. तेल सुटून जाळी बुजते आणि मोटर गुरगुरून थांबते.

आता विजेचं. आमच्या भिंतीवरच्या मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलंय की ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. हा आकडा आपल्यातले फार थोडे वाचतात. एका रविवारी घरातलं सगळं बंद केलं, फ्रीजसुद्धा. काट्यावर बरोबर एक किलो ज्वारी मोजली. नात मीटरखाली स्टूल घेऊन बसली आणि मी चक्की सुरू केली. आठ मिनिटांत दळण संपलं. ती ओरडली, "आजी, तीनशे बावन्न!" तीनशे बावन्नाला बत्तीसशेनं भागा. एक किलोला शून्य पूर्णांक अकरा युनिट. महिन्याला आम्हाला वीस किलो लागतं, म्हणजे सव्वादोन युनिटसुद्धा नाही. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटर बाहेर काय देऊ शकते त्याचं माप. आत ती त्याहून जास्त घेते. आमच्या हिशेबानं त्या आठ मिनिटांत सरासरी सव्वाआठशे वॅट.

नातीला इथंच शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक सांगितला. तो वर्गात सांगताना मुलांच्या डोळ्यांवर नेहमी झापड यायची. बोलीत आपण सगळं एकच करतो. अंगात शक्ती नाही, ऊर्जा नाही, ताकद नाही. वॅट हा वेग आहे, किती भराभर वीज घेते तो. युनिट ही एकूण घेतलेली रास. सव्वाआठशे वॅट ऐकून बाईमाणूस घाबरतं, पण ते आठच मिनिटं. माजघरातला साठ वॅटचा जुना बल्ब रात्रभर विसरला तर चक्कीच्या सहा दळणांइतकी वीज जाते. एचपीची, म्हणजे हॉर्सपॉवरची, गोष्टही तिला आवडली. जेम्स वॅटनं घोड्याची ताकद मोजली ती गिरणीचं चाक फिरवणाऱ्या घोड्यांवरून. म्हणजे हे माप मुळात गिरणीतच जन्मलं.

गृहज्योतीच्या सवलतीत असणाऱ्यांनी या वाढीची काळजी करू नये. कर्नाटकात २०२३ पासून दोनशे युनिटांपर्यंतची जी सूट आहे ती घराच्या आधीच्या सरासरी वापरावर दहा टक्के धरून मिळते. ज्यांची सरासरी अठ्ठेचाळीस युनिटांहून कमी आहे त्यांना २०२४ पासून दहा टक्क्यांऐवजी सरसकट दहा युनिट जास्त धरतात.

आता त्या थंड पिठाची गोष्ट. शाळेतला एक थर्मामीटर निवृत्त होताना मुलांनी मला भेट दिला होता. दळायच्या आधी ज्वारीत खुपसला, सत्तावीस अंश. दळण संपताच पिठात खुपसला, एकोणपन्नास. याला थंड म्हणायचं असेल तर म्हणा. छापील पुस्तिकेत 'थंड दळण' असे शब्द आहेत, ते वाचून मला मनापासून वाईट वाटतं. कारण पीठ गरम झाल्याशिवाय दळण होऊच शकत नाही, हे शंभर-दीडशे नव्हे, सव्वादोनशे वर्षांपासून माहीत आहे. १७९८ साली मांडलेल्या प्रयोगात रम्फर्ड या संशोधकानं म्युनिकमध्ये तोफेची नळी कोरताना ती पाण्यात ठेवली. घोडे बोथट अवजार फिरवत राहिले आणि अडीच तासांनी पाणी उकळलं, कुठंही विस्तव नसताना. त्याआधी लोक समजत की उष्णता हा वस्तूत भरलेला एक द्रव आहे. पण घासत राहाल तोवर ती निघतच राहते, तर तो द्रव कसला? पुढे १८४० च्या दशकात जूल या इंग्रज शास्त्रज्ञानं पाण्यात पंखे फिरवून नेमकं मोजलं की किती काम केलं की किती ऊब येते. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१९ जूल. माझ्या चक्कीतलं पीठ हेच सांगतंय.

मग मी तो हिशेब पुरा केला, कारण राहवलं नाही. शून्य पूर्णांक अकरा युनिट म्हणजे ३९६ किलोजूल. किलोभर पीठ बावीस अंश तापायला साधारण चाळीस लागतात. म्हणजे दहावा हिस्सा. दुसरा दहावा हिस्सा घटीत गेला. गिरणीत आपण घटीवरून किती भांडतो! किलो ज्वारी घातली, पीठ भरलं ९७२ ग्रॅम. ब्रशनं कोपरे झाडले, कापडी पिशवी झटकली, तेव्हा बारा ग्रॅम आणखी मिळालं. उरलेले सोळा ग्रॅम म्हणजे दाण्यातलं पाणी, ते वाफ होऊन उडालं. वाफ व्हायला ऊर्जा भरपूर लागते, सोळा ग्रॅमला चाळीसच्या आसपास. गिरणीवाल्या अण्णांवर पूर्वी माझ्याही मनात कधीतरी संशय आला होता. घट खरीच असते. राहिलेली ऊर्जा मोटरच्या अंगात, लोखंडी पेटीत आणि आत घुसळलेल्या हवेत गेली. दाणा फोडून त्याचे कण वेगळे करायला खरी लागते ती या सगळ्यात फारच थोडी. आवाजात तर नगण्य, एवढा कानठळ्या बसवत असूनही.

आणि तासाभरानं स्वयंपाकघर पुन्हा होतं तसं. आपण म्हणतो, वीज संपली. संपली नाही, ती सगळी खोलीभर ऊब होऊन पसरली, जरासुद्धा कमी न होता. पण त्या उबेनं पुन्हा एक दाणा दळता येणार नाही. वर्गात मुलं विचारायची, ऊर्जा नष्ट होत नाही तर मग वाचवायची कशाला? हा प्रश्न मला दरवर्षी यायचा आणि माझं उत्तर मलाच पुरं वाटत नव्हतं. आता कुणी विचारलं तर त्याला दळणानंतर चक्कीच्या अंगाला हात लावायला सांगेन. हीच ती वीज, फक्त आता ती कामाची उरलेली नाही.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दिवाळीला येळ्ळूरहून आली होती. पिठाचा डबा ऊन असतानाच मी झाकण लावलं, तशी म्हणाली, "कोंडू नको गे ते. घाम येतंय त्याला." तिनं झाकण उलटून दाखवलं, आत थेंब जमले होते. त्याच पाण्यानं पीठ आंबूस होतं आणि जाळी धरते. तेव्हापासून पीठ परातीत पसरून निवू देते, मग भरते. चक्कीच्या पुस्तिकेत ही गोष्ट असायला हवी होती.

तिच्या दारात जातं अजून आहे. ती पहाटे दळायची. मूठ मूठ वैरण घालत, किलोभर ज्वारीला अर्ध्या तासाहून जास्त लागायचं. माणूस असा सलग राबला तर साठ-पासष्ट वॅटच्या आसपास काम देतो. म्हणजे जात्यानं तेच किलोभर पीठ सव्वाशे किलोजूलमध्ये केलं, चक्कीच्या तिसऱ्या हिश्शात. पाळू, म्हणजे वरचा दगड, सावकाश फिरते, हवा घुसळत नाही, दाणा दगडांत चिरडत जातो. पण आईचं शरीर जेवणातल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवू शकतं. तो हिशेब धरला तर किलोभर दळायला तिनं जवळजवळ पाऊण भाकरी खर्च केली. सोळा भाकऱ्यांच्या पिठासाठी पाऊण भाकरी. हे तिला सांगितलं तर गप्प झाली. मग म्हणाली, "आणि ती पाऊण आम्हाला मिळत होती व्हय?" सासुरवाशिणी शेवटी जेवत, उरेल ते. जात्याची गोडी सांगणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न ऐकावा असं मला वाटतं. जात्यावरच्या पिठाची चव मलाही आवडते, पण त्या चवीसाठी कुठल्या बाईला पहाटे उठवावं असं मला कधीच वाटणार नाही.

चक्की आतून कशी चालते तेही बघून ठेवा, म्हणजे ती बिघडल्यावर कळतं. गिरणीत दोन दगड असतात. इथं दगड नाहीत. गोल डब्यात पोलादी पाती फिरतात, दाण्याला मारतात, दाणा जाळीवर आपटून फुटतो आणि बारीक झाला की जाळीतून खाली. मोटर मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. पात्याचं टोक मधल्या दांड्यापासून सात सेंटीमीटरवर आहे, मी पट्टीनं मोजलं. म्हणजे टोक सेकंदाला वीस मीटर, ताशी पंच्याहत्तर किलोमीटरच्या घरात. पुण्या-बेंगळूरच्या हमरस्त्यावरची गाडीच समजा. आणि माराची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. दुप्पट वेग, चौपट मार. ही गोष्ट ठासून सांगणाऱ्यांत एमिली द्यू शातले ही फ्रेंच बाई होती, १७४० साली. मऊ मातीत गोळे टाकून पाहिलेल्या प्रयोगांचा तिनं आधार घेतला. दुप्पट वेगानं पडलेला गोळा चौपट खोल रुततो. त्या काळात न्यूटनच्या बाजूचे मोठमोठे पंडित वेगळं म्हणत होते. विज्ञानाच्या पुस्तकांत तिचं नाव मी मुलींना वेगळं लिहून द्यायचे.

संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे दाब उतरतो, कधी १९० व्होल्टपर्यंत. तेव्हा चक्की लावू नका. मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुद्धा दाबाच्या वर्गानं उतरतो, २३० चे १९० झाले की तिसरा हिस्सा ताकद गेली. मोटर नुसती हुंकार देते, फिरत नाही, आणि आत घेतलेली सगळी वीज तिच्या गुंडाळ्या तापवण्यात जाते. नव्या मोटरला आपोआप बंद होणारी सोय आहे, तरी सूनबाईकडून एकदा वास येईपर्यंत चालू राहिली. सकाळी आठच्या आत किंवा दुपारी दळावं. दुपारी दोन ते चार मात्र नको, भोवतालची माणसं झोपतात. या आवाजाला उपाय नाही. खाली जाड रबरी चटई घातल्यावर फरशीची थरथर थांबली, आवाज तोच.

एकदा शाळेची सहल गोकाकच्या धबधब्याला नेली होती. घटप्रभा तिथं बावन्न मीटर खाली पडते आणि १८८७ सालापासून त्या पाण्याच्या पडण्यावर सूतगिरणीची चाकं फिरली. मी मुलांना म्हटलं, वरचं पाणी आणि खालचं पाणी यांत फरक काय? पडून पडून ते तापायला हवं. लिटरभर पाणी एवढं पडलं तर ५१० जूल मिळतात, त्यानं पाणी अंशाचा आठवा हिस्सा तापेल. आमचा थर्मामीटर एक अंशाच्या खुणांचा. वर एकवीस, खाली एकवीस. मुलं हिरमुसली. आज वाटतं, त्यांना पिठाचा डबा दाखवायला हवा होता. तिथं बावीस अंशांचा फरक आहे आणि तो तळव्याला लागतो. माझ्या मीटरमधून आलेली वीज कधी शरावतीच्या पाण्याची असेल, कधी रायचूरच्या कोळशाची. मीटरला ते कळत नाही, चक्कीलाही नाही. कोळशाची असेल तर मात्र तिकडे तिप्पट जळलेलं असतं, कारण कोळशाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन तारेत येतो.

आणखी एक मोजमाप केलं आणि त्यानं माझं मत बदललं. भाच्याच्या दुकानातला काटा आणून गॅसचा सिलिंडर त्यावर ठेवला. किलोभर पिठाच्या सोळा भाकऱ्या भाजून झाल्यावर १२० ग्रॅम गॅस गेला. तो साडेपाच हजार किलोजूल, दीड युनिट. दळण्याच्या जवळजवळ चौदा पट. मी तव्याभोवतीच्या ज्वाळेकडे कधी पाहिलंच नव्हतं, सगळं लक्ष चक्कीच्या विजेवर. आता मोठ्या शेगडीऐवजी मधली वापरते, तव्याबाहेर ज्वाळ येऊ देत नाही. आणि किलोभर ज्वारीत स्वतःची ऊर्जा किती, तर साधारण ३५०० किलोकॅलरी, म्हणजे चार युनिट. शेतात ज्वारीच्या ताटाच्या पानांनी उन्हातून गोळा केलेली. नातीनं हे तिन्ही आकडे फ्रीजवर लिहून चिकटवलेत. दळण ०.११, भाजणं दीड, दाणा चार. ती आता भाकरीचा तुकडा टाकत नाही.

पैशाचं खरं सांगते. आमच्या गल्लीत गिरणीला किलोमागे सहा रुपये पडतात. वीस किलोचे महिन्याला एकशेवीस. साडेसोळा हजार वसूल व्हायला साडेअकरा वर्षं लागतील, तीही दुरुस्ती न धरता. नवव्या महिन्यात बेअरिंग किंचाळायला लागलं, आठशे रुपये गेले आणि माणूस यायला बारा दिवस लागले. ते बारा दिवस नातीनं भात खाल्ला. तेव्हा पैसे वाचतील म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नये. घरात सिलिअ‍ॅकचं माणूस असेल, किंवा ज्वारीची भाकरी रोजची असेल आणि ताज्या पिठाची किंमत वाटत असेल, तर जरूर घ्या. घेताना एक एचपीच घ्या, दुकानात स्वतःची ज्वारी नेऊन दळून बघा, जाळ्या सुट्या मिळतात का विचारा, आणि बेअरिंग बदलणारा माणूस बेळगावातच आहे ना, ते पक्कं करा. साफसफाईला दर दळणानंतर पाच मिनिटं लागतात, ती चुकवली की पोरकिडे झालेच.

घरातल्या बाकीच्यांचा गहू अजून अण्णांच्या गिरणीतच जातो, वेगळ्या डब्यातून, आणि तो डबा मागच्या पडवीत असतो. मिरचीही तिकडेच. होळीनंतर संकेश्वरी आणि ब्याडगी वाळवून, निवडून, मी डबा घेऊन रांगेत असते.